सुरीवाला संत

नागपूरहून परत आल्यावर वडिलांनी सुरी नदीत टाकली. त्या दिवसापासून त्यांनी ते काम केले नाही. साल १९५६.

ते काम म्हणजे गावात मेलेले ढोर ओढून नेणे आणि त्याचे कातडे काढणे. आमचे गाव वणीपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते. गावात कोणाचा बैल मेला की निरोप आमच्या दारी येई. वडिलांच्या वडिलांच्याही दारी तो येत असे. त्या दसऱ्याला आमच्या मोहल्ल्यातली बहुतेक माणसे मिळेल त्या गाडीने नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परतली. वडील घरात आले, पाणी प्यायले, आढ्याला खोचलेली सुरी काढली आणि नदीकडे चालू लागले. दादा त्यांच्या मागे गेला, दादाच्या मागे मी. सुरी पाण्यात पडल्याचा आवाज कसा झाला ते मला आठवत नव्हते. पुढे कधीतरी मी दादाला विचारले. तो म्हणाला, आवाज झालाच नाही. बा गुडघाभर पाण्यात गेले, वाकले, आणि ती खाली ठेवून आले.

दादा असे पाहत असे. मी पुस्तके वाचून गोष्टी लक्षात ठेवते. तो पाहून ठेवायचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाटलाचा बैल मेला. सांगायला आलेला माणूस अंगणाबाहेर उभा राहिला.

"ढोर मेलं. चाल."

"मी नाही येत," वडील म्हणाले.

"मंग कोन येईन? पाटील येईन काय ओढाले?"

"बैल त्याचाच व्हता ना. त्यानंच ओढावं."

तो माणूस हसला. त्याला ती गंमत वाटली असावी. वडील हसले नाहीत, तेव्हा तो गेला. बैल बरेच दिवस पांदणीत, शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर, पडून होता. वारा फिरला की वास आमच्याच मोहल्ल्यात येई. सुगीला खळ्यावर आम्हाला मिळायचे ते धान्य त्या वर्षी मिळाले नाही. वडील वणीला कापसाच्या जिनमध्ये कामाला लागले. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर, कानांवर कापूस चिकटलेला असे. त्या धुळीने त्यांना खोकला जडला. माय म्हणायची, त्यापरीस ते ढोरं बरे होते. वडील म्हणायचे, खोकला माया सोताचा हाये.

दादा आणि मी वणीच्या शाळेत जात होतो. तो माझ्याहून पाच इयत्ता पुढे होता. अभ्यासात तो मधला होता, पण चित्रकलेत त्याच्यासारखा मुलगा शाळेत नव्हता. हे मी बहीण म्हणून लिहीत नाही. ड्रॉइंगचे मास्तर तसे म्हणत आणि त्यांना कोणाला उगाच चांगले म्हणायची सवय नव्हती. ते अमरावतीकडचे, एकटे राहणारे, धोतरावर शाईचे डाग असलेले गृहस्थ होते. सरकारच्या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा त्यांनी दादाकडून करवून घेतल्या होत्या. मॅट्रिक झाले की त्याला नागपूरच्या चित्रशाळेत घालायचे असे त्यांनी ठरवले होते. तिथले एक शिक्षक त्यांच्या ओळखीचे होते. राहण्याची सोय वसतिगृहात होणार होती. वडिलांनी हो म्हणायचे तेवढे उरले होते.

वडील नाही म्हणत नव्हते. ते म्हणत, "चित्र काढून मानूस काय करते, ते एकडाव मले पाहू द्या. मंग सांगतो."

मास्तरांकडे एक पुस्तक होते. मिशनच्या बंगल्यातले म्हातारे पाद्री आपल्या देशाला परत गेले तेव्हा मागे राहिलेल्या सामानात ते मास्तरांना मिळाले. त्याला पुठ्ठा नव्हता, अर्धी पाने गेली होती. उरलेल्या पानांवर जुनी विलायती चित्रे होती, तांब्याच्या पत्र्यावर टोकदार सळईने कोरून, त्यात शाई भरून छापलेली. मास्तर ती मुलांना रेघ शिकवण्यासाठी दाखवीत. त्या चित्रांत काळा रंग कुठे भरलेला नव्हता. सावली म्हणजे रेघा, त्यांवर आडव्या रेघा, दाट सावली म्हणजे आणखी रेघा. डोळा जवळ नेला की शेतातल्या नांगराच्या तासांसारखे दिसे, दूर नेला की दंडाची गोलाई दिसे. दादा ती पाने तासन्‌तास पाहत असे. शाळा सुटल्यावर मी त्याच्यासाठी थांबायची, म्हणून मीही पाहिली.

प्रत्येक पानावर एक माणूस किंवा बाई उभी. डोक्यामागे तेजाचे कडे. चेहरा शांत, जणू कोणाची वाट पाहत आहेत. आणि प्रत्येकाच्या हातात एक वस्तू. एका बाईजवळ मोठे चाक होते. एकीच्या हातात सांडशी. एक तरुण लोखंडी जाळी धरून उभा होता. एकाजवळ करवत, एकाजवळ कुऱ्हाड. पायांच्या मागे, दूर टेकडीखाली, मुंग्यांएवढी माणसे काहीबाही करताना दिसत. खाली एक ओळ छापलेली होती, पण ती इंग्रजी नव्हती. इंग्रजीच्या सरांनी ती पाहिली आणि घंटा झाली म्हणून निघून गेले.

मास्तरांनी त्या चित्रांचा अर्थ लावला होता, आणि तो आम्हा सगळ्यांना पटला होता. ते म्हणाले, "हे त्यांच्याकडचे संत. आपल्याकडे बघा, संत कोण? कोणी कुंभार, कोणी माळी, कोणी सोनार, कोणी शिंपी, कोणी न्हावी. हाताने काम करता करता देव भेटलेली माणसे. त्यांच्याकडेही तसेच दिसते. ज्याच्या हातात जे, तो त्याचा धंदा."

महाराष्ट्रातल्या मुलांना याहून सरळ काय वाटणार? मडके हातात असेल तो कुंभार, हे आम्ही दिंडीच्या सोंगांत लहानपणापासून पाहिलेले होते. मुलांनी भराभर ओळखायला सुरुवात केली. चाकवाली बाई गाडी बनवणाऱ्याच्या घरची. करवतवाला सुतार. सांडशीवाली लोहारीण.

"आन् हा जाळीवाला?" कोणीतरी विचारले.

"खानावळवाला असंन बे. वांगे भाजून राह्यला."

मास्तरसुद्धा हसले.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात चित्रांचे प्रदर्शन करायचे ठरले. मास्तरांच्या मनात एक कल्पना आली आणि त्या कल्पनेवर ते फार खूश होते. प्रदर्शनाला नाव दिले, 'श्रमाचे संत'. ज्या मुलाच्या घरी जो धंदा, त्याला त्या धंद्याचा संत. सुताराच्या मुलाला करवतवाला मिळाला, लोहाराच्या मुलाला सांडशीवाली. मुलाने आपल्या बापाचा संत मोठ्या कागदावर काढायचा, म्हणजे बापाला येऊन पाहावेसे वाटेल. दादाला त्यांनी जे पान दिले त्यात एक दाढीवाला, उंच माणूस होता. उजव्या हातात सुरी. डाव्या हातावर, उपरणे टाकावे तसे, एक कातडे. वडील तेव्हा जिनमध्ये जात होते, पण मास्तरांनी आमचा पिढ्यांचा धंदाच धरला होता.

दादा घरी कोणाला काही बोलला नाही. फक्त मला म्हणाला, "बा येईन ना पाहाले?" एका चित्रावर त्याचे नागपूर ठरणार होते, आणि ते त्याला ठाऊक होते.

तो रोज शाळा सुटल्यावर मास्तरांच्या खोलीत बसून काढायचा. मी दाराशी पुस्तक वाचत बसे. एके दिवशी तो म्हणाला, "सर, या कातड्याले बोटं काहून हायेत?"

मास्तरांनी चष्मा वर करून पाहिले. "कुठे?"

"हे पाहा. आन् इथी वर तोंडासारखं काही दिसते."

"छाप जुना आहे. शाई पसरली असेल. शिवाय त्या चित्रकाराने जन्मात कधी कातडे पाहिले नसेल. तू पाहिले आहेस. तू नीट काढ."

मास्तरांनी हे आदराने म्हटले होते. दादाने ते तसेच घेतले. त्याने कातडे नीट काढले. चार पाय, मानेचा भाग, खाली शेपूट. बैलाचे. अंगावरची केसांची दिशासुद्धा त्याने रेघांनी दाखवली. मी पाहत होते. मूळ चित्रापेक्षा ते खरे वाटत होते.

संमेलनाच्या दिवशी वडील जिनमधून सुटी घेऊन आले. मायने नीळ घालून धुतलेला सदरा त्यांच्या अंगावर होता. व्हरांड्यात दोरीवर चित्रे टांगली होती. मुलांचे बाप आपापल्या संतांसमोर उभे होते. लोहार आपल्या सांडशीवालीला पाहून खुशीत होता. "सांडशी बराबर पकडली नाही, पन बाई देखणी हाये," तो म्हणाला आणि लोक हसले. दादाचे चित्र मधोमध होते. वडील चालत आले, थांबले. मी त्यांच्या शेजारी होते. दादा खांबाजवळ उभा राहून चित्राकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

पाहुणे म्हणून आलेले एक वकील मास्तरांना म्हणाले, "व्वा. कातडे सोलणाऱ्यालाही त्यांनी संतपद दिले. मोठे मन आहे."

आमच्या गावच्या पाटलाचा पुतण्या तिथेच होता. तो वडिलांना ऐकू जाईल असे म्हणाला, "का गा? आता तं संतच सोलून राह्यला ढोर. मंग तुले कायची लाज? ये ना उद्या, आमची म्हैस पडली हाये."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिले नाही. चित्राकडेही पुन्हा पाहिले नाही. ते वळले आणि फाटकाबाहेर गेले. आम्ही दोघे त्यांच्या मागे चालत राहिलो. दादाने चित्र दोरीवरून काढून गुंडाळून काखेत धरले होते.

घरात आल्यावर वडील म्हणाले, "जे हत्यार म्या पान्यात ठेवून आलो, ते तू कागदावर काढून गावाले दाखवलं."

ते ओरडले असते तर बरे झाले असते. दादाने गुंडाळी उलगडली नाही. तशीच चुलीत घातली. जाड कागद होता, लवकर पेटला नाही. माय फुंकणी घेऊन पुढे झाली आणि मग काय करतो आहोत हे कळून मागे सरली.

दोन दिवसांनी मास्तर आमच्या घरी आले. आमच्या मोहल्ल्यात शाळेतले कोणी येण्याची ती पहिलीच वेळ. बाजेवर बसले, मायच्या हातचा चहा प्यायले. नागपूरबद्दल बोलले, मुलाच्या हाताबद्दल बोलले. मग म्हणाले, "अहो, कोणतेही काम हलके नसते. काम पवित्रच असते."

वडील शांतपणे म्हणाले, "पवित्र असंन तं तुमी करा, मास्तर."

नागपूरचे बोलणे त्या बाजेवर संपले. वडिलांना वाटले, चित्रकलेचा रस्ता फिरून त्याच पांदणीत येतो. त्यांना तसे वाटणे चूक होते असे मी आज एवढ्या वर्षांनीही म्हणू शकत नाही. त्यांनी जे पाहिले होते त्यावरून तसेच वाटणार.

दादा मॅट्रिक झाला आणि वणीला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात नंबर रंगवायला लागला. कोळशाचे आणि कापसाचे ट्रक तेव्हा वाढत होते. त्याची अक्षरे सुरेख होती. चंद्रपूरच्या रस्त्याला उभे राहिले की दुरून मला त्याचा आठ ओळखू यायचा. ड्रायव्हर लोक म्हणत, मागे एक मोर काढ, नाही तर बाई काढ, दोन पैसे जास्त घे. तो म्हणे, "चित्र मले येत नाही." आणि ब्रश धुवायला लागे.

मी मात्र शिकले. शिष्यवृत्ती मिळाली, नागपूरच्या कॉलेजात गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. ज्या शहरात दादा जाणार होता तिथे मी गेले. कॉलेजच्या ग्रंथालयात मी सुटीच्या दिवशीही बसत असे. एकदा इतिहासाचे एक पुस्तक शोधताना युरोपातल्या जुन्या चर्चमधल्या चित्रांवरचे एक जाडे पुस्तक हाती आले. सहज उघडले. चाक घेतलेली बाई समोर आली. मला ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले. मी बसून वाचू लागले.

त्या पुस्तकात लिहिले होते की हे सगळे श्रद्धेपायी मारले गेलेले लोक आहेत. ज्या वस्तूने त्यांचे हाल केले, तीच वस्तू चित्रकार त्यांच्या हातात देतात, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कोण ते ओळखता यावे. त्या बाईला चाकावर मारायचे ठरले होते. सांडशीने दुसरीचे दात उपटले होते. करवत, कुऱ्हाड, सगळ्याचे तेच. जाळीवर त्या तरुणाला जिवंत भाजले होते. आम्ही तिथे वांगी भाजली होती.

मी पाने उलटत गेले. सुरीवाला सापडला. येशूच्या पहिल्या बारा शिष्यांतला एक. त्याला जिवंतपणी सोलले होते. हातावर होते ते त्याचे स्वतःचे कातडे. म्हणून त्याला बोटे होती. म्हणून त्याला तोंड होते. टेकडीखालच्या मुंगीएवढ्या माणसांत एक जण झाडाला बांधलेला होता.

त्या सुटीत मी वणीला उतरले ती आधी मास्तरांकडे गेले. ते आता निवृत्त झाले होते. मी सांगितले ते त्यांनी सगळे ऐकले. मग कपाटातून ती पाने काढली आणि एकेक पाहत राहिले. "म्हणजे मी मुलांना मारेकऱ्यांची हत्यारे वाटली," ते म्हणाले. "आणि बापांना बघायला बोलावले." सुरीवाल्याचे पान त्यांनी मला दिले. "वडिलांना दाखव. मी आलो असतो, पण मला आता तिथे बसवणार नाही."

दादा कारखान्यात एका फळकुटावर पांढरा रंग लावत होता. मी पान त्याच्यासमोर धरले आणि सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला. ब्रशवरचा रंग त्याच्या पायावर गळत होता.

"मंग ते बोटं खरेच होते," तो म्हणाला.

"हो, दादा."

"म्हंजे म्या मानसाले बैलाचं शेपूट लावलं." तो हसला. मग हसायचे थांबला. "मले दिसलं होतं. म्या इचारलं पन होतं."

संध्याकाळी आम्ही बरोबर घरी गेलो. वडील अंगणात बाजेवर होते. जिनचे काम खोकल्यामुळे सुटले होते. मला वाटले होते, मी हे सांगितले की वडिलांच्या मनातली गाठ सुटेल. हा सोलणारा नाही, बा, हा तर ज्याला सोलले तो. हा आपल्यासारखा, ज्याच्यावर जुलूम झाला तो. मी वाटेत वाक्ये जुळवली होती. तशीच बोलले.

वडिलांनी पान हातात घेतले, उजेडाकडे वळवले. त्यांचे डोळे मोठ्या माणसावर थांबले नाहीत. ते मागे, टेकडीखाली गेले. झाडाला बांधलेल्या माणसापुढे एक जण वाकलेला होता. वडिलांनी त्याच्यावर बोट ठेवले.

"आन् हा कोन?"

"तो... राजाचा माणूस असेल, बा."

"राजाच्या घरी हे काम कोनी शिकत नाही. गावातून बलावला असंन कोनी. दारात निरोप आला असंन." ते थोडे खोकले. "त्यालेबी नाही म्हनता आलं नसंन."

मी जे पुस्तक वाचले होते त्यात त्या वाकलेल्या माणसाबद्दल एक ओळही नव्हती.

वडिलांनी पान दादाकडे दिले. "तुयं काढेल कुठी हाये?"

"कोनतं, बा?"

"या मानसाचं. शाळेत लावलं होतं ते."

दादा मायकडे पाहू लागला. माय चुलीकडे पाहू लागली. "ते त्याच दिवशी गेलं ना, बा," तो म्हणाला.

"हो," वडील म्हणाले. "मंग दुसरं काढ."

"काढतो."

मी नागपूरहून त्याला जाड कागद आणून दिला, पेन्सिली आणल्या. तो म्हणे, सीझन संपू दे. मग म्हणे, हात बसला नंबराले, आता गोल येत नाही. एकदा मी त्याला कागदासमोर बसलेला पाहिला. पेन्सिल टेकवायचा आणि उचलायचा. मी आत गेले नाही. वडील त्यानंतर दोन हिवाळे जगले. त्यांनी त्याला पुन्हा विचारले नाही. चित्रशाळेत जायचे वय केव्हाच उलटून गेले होते.

मला पुष्कळदा वाटते, त्या पानाखालची एक ओळ वणीत कोणाला वाचता आली असती तर. मास्तरांनी सुरीवाला दादाला दिलाच नसता. दिला असता तर दादाने बोटे काढली असती. वडील त्या चित्रासमोर किती वेळ उभे राहिले असते ते मला कळत नाही. पण ते फाटकाकडे वळले नसते, एवढे मी मानते. मास्तर वाईट नव्हते, वडील वाईट नव्हते. आम्ही सगळ्यांनी ते चित्र आमच्या डोळ्यांनी पाहिले, आणि आमच्या डोळ्यांना हातातली वस्तू म्हणजे जात दिसायची.

दादा मागच्या पावसाळ्यात गेला. त्याच्या सामानात ब्रश निघाले, चपटे, अक्षरांचे. जाड कागद निघाला, कोरा.

ते विलायती पान माझ्या टेबलावर आहे. दादाने काढलेले एकही चित्र उरलेले नाही. माझ्या दारावरची पाटी त्याने रंगवली आहे. तिच्यावर नुसती अक्षरे आहेत.